दोन बोल्टांची जागा

कार्ल्यावरून लोणावळ्याकडे आणि तिथून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या वाटेला लागणारी जुनी बुलेट किंवा येझदी दिसली, की बघणाऱ्याची नजर टाकीवर जाते, फार तर सायलेन्सरवर. माझी जाते मागच्या शॉकअपच्या दोन बोल्टांकडे. वरचा चॅसीला, खालचा चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरून वरखाली हलणाऱ्या दांड्यांना. ते कुठे बसवलेत, यावरच राजमाचीच्या दगडांत गाडी कशी वागणार हे निम्मं ठरतं.

बुलेटचं बघा. 1948 साली रॉयल एनफिल्डने तिला मागे चिमटा आणि दोन शॉकअप दिले. खडकाळ वाटांवर स्पर्धा खेळणाऱ्या अनेकांचा तेव्हा यावर विश्वास नव्हता. मागचं चाक चॅसीत घट्टच हवं, नाहीतर पकड जाते, असं ते म्हणत. त्याच वर्षी इटलीत सान रेमोला झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बुलेटच्या दोन स्वारांनी सुवर्णपदकं मिळवली. तिचे शॉकअप जवळजवळ उभे, चाकाच्या आसापाशी. चाक जितकं उचलेल, साधारण तितकाच शॉकअप दबणार, म्हणजे सुमारे तीन इंच. हालचाल थोडी, पण दणका सरळ वर सीटखालच्या नळ्यांत जातो, चिमट्याला मधेच वाकवत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या सागवानी फासळ्या देखण्या आहेत, पण छताचा भार त्यांच्यावर नाही. छत म्हणजे अखंड कातळच. बुलेटच्या या जोडणीत मात्र जे डोळ्यांना दिसतं, तेच भार वाहतं. मला तिचं सौंदर्य दिसतं ते यातच.

1970 नंतर मोटोक्रॉसच्या उड्या वाढल्या आणि तीन-चार इंच पुरेनात. मग जर्मनीच्या मायकोसारख्या कंपन्यांनी खालचा बोल्ट चिमट्यावर पुढे सरकवला आणि शॉकअप तिरपा केला. हिशेब तरफेचा आहे. शॉकअप चिमट्याच्या मध्यावर आला, की तो चार इंच दबला तरी चाक आठ इंच उचलतं. पण त्याच्यावरचा जोर दुप्पट होतो, आणि चाकापाशी पूर्वीइतकाच कडकपणा हवा असेल तर स्प्रिंग चौपट कडक लागते. लांबच्या शर्यतीत आतलं तेल तापायचं, फेसाळायचं, आणि शेवटच्या फेऱ्यांत मागचं चाक नुसतं उसळत राहायचं. गॅस भरलेले, बाजूला वेगळी डबी लावलेले शॉकअप आले ते या गरजेतून. बेल्जियमच्या ल्युसिएँ टिल्केन्स यांनी दोन्ही शॉकअप काढून टाकीखाली एकच आडवा बसवला. यामाहाने तो घेतला आणि 1973 मध्ये त्यांच्या स्वाराने, हाकन आंदरसनने, 250 सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं. पुढची मोटोक्रॉस त्याच वाटेने गेली.

तरी मला सर्वांत आवडतात ती त्या काळातली तिरप्या जोडशॉकअपची यंत्रं. अभियंत्याने कुठे किती धाडस केलं, ते बाहेरून वाचता येतं. एकाच शॉकअपच्या गाडीत ते टाकीखाली झाकलं जातं.

म्हणूनच जुन्या बुलेटवाल्यांना एक विनंती. राजमाचीसाठी चिमट्यावर नवे कान वेल्ड करून शॉकअप पुढे नेऊ नका. तो चिमटा आणि वरच्या नळ्या दुप्पट जोरासाठी घडवलेल्या नाहीत. चिमट्याचे बुश बदला, चांगले शॉकअप घाला आणि बोल्ट आहेत तिथेच राहू द्या.