लोकलची प्रवासीसंख्या आणि महानगरातील घरे : एका गृहीतकाची चिकित्सा

स्थानकालगत घरांची घनता वाढवली की सार्वजनिक वाहतुकीचे प्रवासी वाढतात आणि ही वाढ म्हणजेच नियोजनाचे यश होय, हे गृहीतक महानगरविषयक लेखनात हल्ली जवळजवळ निर्विवाद मानले जाते. केंद्र शासनाच्या २०१७ च्या परिवहनाभिमुख विकास धोरणाचा पायाही हाच आहे. मुंबईच्या अनुभवावर ते तपासले असता त्याचा पूर्वार्ध अपुरा आणि उत्तरार्ध दिशाभूल करणारा ठरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम जनगणनेकडे पाहू. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर उतरली. याच काळात तत्कालीन ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१.३२ लाखांवरून ११०.६० लाखांवर गेली. २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत २०११ साली १२ लाखांहून अधिक लोक राहत होते. घरे अशी उत्तरेस व पूर्वेस सरकली. परंतु फोर्ट, परळ, वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी येथील रोजगार त्यांच्यामागे गेला नाही. मधले अंतर लोकलने कापावे लागले. करोनापूर्व काळात उपनगरी रेल्वेने दररोज सुमारे ७५ लाख प्रवासी जात, याचा अभिमानाने उल्लेख होतो. पण विरार वा बदलापूरचा प्रवासी गाडीच्या सोयीने आकृष्ट झालेला नसतो. परवडणाऱ्या घराच्या शोधात तो तेथवर ढकलला गेलेला असतो. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात, तेव्हा प्रवासीसंख्या हे यशाचे माप राहत नाही, ते घरटंचाईचे माप होते. (सकाळच्या पहिल्या तासिकेस डुलक्या घेणाऱ्या विद्यार्थ्यास आळशी ठरवण्यापूर्वी तो कोणत्या गाडीने आला, हे विचारून पाहावे.)

याउलट उदाहरण गिरणगावाचे. परळ-लोअर परळ हा मध्य व पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांच्या निकटचा भाग. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरण्यांची जमीन मोकळ्या जागा, सार्वजनिक गृहनिर्माण आणि मालक यांत साधारण एकेक तृतीयांश वाटली जाणार होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकामविरहित जमिनीपुरती आक्रसली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. परिणामी स्थानकालगत घनता वाढली, परंतु ती आलिशान सदनिकांची, वाहनतळांच्या मजल्यांसह. तेथील कार्यालयांत काम करणारे मात्र दूरवरून लोकलनेच येऊ लागले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण मृत्युमुखी पडले. पुलाच्या रुंदीची चर्चा पुष्कळ झाली. एवढी माणसे त्या पुलावर का येतात, याची फारशी झाली नाही.

२०१७ च्या धोरणात परवडणाऱ्या घरांचा उल्लेख नाही असे नव्हे. तथापि वाढीव चटईक्षेत्र निर्देशांक ही तत्काळ मिळणारी वस्तू आहे, तर परवडणारे घर ही भविष्यातील अपेक्षा. या दोहोंत आधी कोणते पदरात पडते, हे गिरणगावाने दाखवून दिले आहे. शिवाय घरांशिवायही प्रवासी वाढू शकतात. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडे ५ रुपयांवर आणले आणि एकही इमारत न उभारता प्रवासी परतले. (मे २०२५ मध्ये हे भाडे १० रुपये झाले.)

म्हणून प्रवाशांच्या संख्येबरोबर घर ते कामाचे ठिकाण हे अंतर आणि त्यास लागणारा वेळ मोजणे आवश्यक आहे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून संपूर्ण मार्गावर धावू लागली. तिच्या प्रवाशांचे आकडे जाहीर होत राहतील. वरळी वा महालक्ष्मी स्थानकात उतरणाऱ्यांपैकी किती जण तेथून पायी आपल्या घरी जातात आणि किती जण केवळ कामापुरते येतात, ही नोंदही त्यांसोबत ठेवली जावी.