भाव वाढला, पण कुठल्या सरासरीने?

बाजार वर जातोय आणि आपल्या कंपनीचा शेअर जागचा हलत नाही. मग भागधारकांचा राग व्यवस्थापनावर निघतो. अमेरिकेत या रागावर चालणारे फंडच आहेत, ‘ॲक्टिव्हिस्ट हेज फंड’. ते मागे पडलेल्या कंपनीत हिस्सा घेतात आणि संचालक मंडळाकडे बदल मागतात. हिस्सा ५ टक्क्यांच्या वर गेला की तो जाहीर करावा लागतो.

या दबावाने भाव खरंच वाढतो का? इथे ब्राव्ह, जिआंग, पार्टनॉय आणि थॉमस यांचा ‘जर्नल ऑफ फायनान्स’मधला २००८ चा पेपर नेहमी पुढे केला जातो. २००१ ते २००६ चा डेटा त्यांनी हाताने गोळा केला. निष्कर्ष असा : घोषणेच्या आसपास भाव अपेक्षेपेक्षा साधारण ७ टक्के जास्त वाढला आणि पुढच्या वर्षात ती वाढ पुसली गेली नाही.

मेहनत मोठीच आहे. माझी तक्रार आहे ती हा आकडा वापरण्याच्या पद्धतीबद्दल. ‘दबाव आणा, कंपनी सुधारते’ असा त्याचा अर्थ लावला जातो. पण घोषणेच्या वेळची उडी ही बाजाराची अपेक्षा असते. कंपनी सुधारली की नाही, हे नंतर तपासावं लागतं.

२०१९ मध्ये डीहान, लार्कर आणि मॅक्लूर यांनी दीर्घकालीन परतावा तपासला. कंपनीच्या आकारानुसार वजन दिलं, तर तो शून्यापेक्षा लक्षणीय वेगळा निघाला नाही. सगळ्या कंपन्यांना समान वजन दिल्यावर फायदा दिसला, पण तो सर्वात लहान २० टक्के कंपन्यांमुळे. त्यांचं सरासरी बाजारमूल्य फक्त २.२ कोटी डॉलर!

हे कसं होतं? समजा पाच कंपन्या आहेत. सर्वात लहान कंपनी ५० टक्के वाढली, बाकीच्या चार जागच्या जागी. साधी सरासरी येते १० टक्के. पण त्या लहान कंपनीचा एकूण मूल्यातला वाटा १ टक्का असेल, तर वजनानुसार सरासरी उरते ०.५ टक्के.

यातली कुठलीच सरासरी खोटी नाही. पहिली सांगते ‘एका सर्वसाधारण कंपनीचं काय झालं’, दुसरी सांगते ‘गुंतवलेल्या पैशाचं काय झालं’. मोठ्या कंपनीच्या वैतागलेल्या भागधारकाला पहिली सरासरी दाखवून आशा लावणं मला चुकीचं वाटतं.

तेव्हा पेपरच्या सारांशातला आकडा वहीत उतरवण्याआधी पद्धतीचा भाग उघडा आणि तीन गोष्टी शोधा : वजन कसं दिलंय, तुलना कोणाशी केलीय, आणि किती काळ मोजलंय.