पुन्हा येणारा श्रोता

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं की, सर, तुम्ही कलास्वादावर एवढं बोलता, पण एखाद्या गाण्यासाठी स्वतः कुठवर गेलात? प्रश्न जरा खोचकच होता. आज त्याचंच उत्तर देऊ. आम्ही साताऱ्याहून मेलबर्नला गेलो. लेक तिकडे असते हे खरं, पण लेकीकडे जायला आम्ही तीन वर्षं टाळाटाळ केली होती आणि द नेक्सच्या मैफिलीची तारीख कळल्यावर आठ दिवसांत व्हिसाचे कागद गोळा केले. लेकीला हे माहीत आहे. ती अजून बोलून दाखवते.

द नेक्स म्हणजे सिडनीचं त्रिकूट. ख्रिस अब्राहम्स पियानोवर, लॉइड स्वॉन्टन डबल बासवर, टोनी बक ड्रम्सवर. हे तिघे १९८७ पासून एकत्र वाजवतात. सुरुवातीला तर लोकांपुढे वाजवायचा विचारच नव्हता, आपापसात वाजवायचे. पद्धत अशी की मंचावर यायचं आणि काहीही ठरवायचं नाही. कोणीतरी एखादा सूर किंवा ठोका धरतो, बाकीचे त्यात शिरतात आणि पाऊण तास, कधी तासभर, ते इतकं सावकाश पालटत जातं की कुठे पालटलं ते सांगता येत नाही. मग मध्यंतर. मग दुसरा तुकडा, तोही आधी कधी न वाजवलेला. आपल्याकडचा जाणकार लगेच म्हणतो, ‘म्हणजे आलापच की!’ नाही. आलापाला रागाची चौकट असते, काय यायचं नाही हे तरी ठरलेलं असतं. इथे तेवढंही नाही. अडोर्नोने १९३६ साली जॅझवर लेख लिहिला. जॅझमधली उत्स्फूर्तता म्हणजे ठरीव साच्यावरची नक्षी, असा त्याचा रोख. सांगलीत तो वर्गात शिकवताना आम्ही दरवर्षी चिडायचो. नेक्स ऐकल्यावर चिडणं गेलं. साचाच नसेल तर नक्षी कशावर काढणार?

आता जायची घाई का केली? कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की वरचे सूर आधी जातात. टोनी बकच्या झांजांची ती बारीक, अखंड सरसर आम्हाला हेडफोनवरसुद्धा आवाज वाढवून ऐकावी लागत होती. म्हटलं, जायचं तर आत्ताच.

विमानात बसल्यावर तत्त्वज्ञानाच्या माणसाला सुचायची ती शंका आली. आपण नेमकं काय ऐकायला चाललोय? वाल्टर बेन्यामिन म्हणतो की यंत्राने प्रत काढली की मूळ कलाकृतीचं वलय झडतं. म्हणजे आम्ही मूळ शोधायला चाललो होतो. पण नेक्सची रेकॉर्ड ही त्यांच्या मैफिलीची प्रत नसतेच! त्यांचा ‘ड्राइव्ह बाय’ हा २००३ सालचा तासाभराचा अल्बम आम्हाला पाठ आहे. तो स्टुडिओत थरावर थर चढवून बनवलेला. मंचावर तो वाजणार नव्हता, वाजूच शकत नव्हता. आपल्याकडेही तेच आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या एका बाजूला तीनेक मिनिटांच्या. ती काही त्यांच्या मैफिलीची प्रत नव्हे, तीन मिनिटांत मावेल असं त्यांनी केलेलं ते वेगळंच गाणं आहे. आम्ही त्या ऐकूनच मोठे झालो आणि वर्षानुवर्षं समजत होतो की खाँसाहेब असेच गात असणार.

मैफिलीचं सांगायचं तर पहिला तुकडा पडला. स्पष्ट सांगतो. बासवर दोन सुरांची ये-जा सुरू झाली, पियानो तिच्याभोवती घुटमळत राहिला आणि चाळीस मिनिटांनी सगळं होतं तिथेच होतं. निदान आम्हाला तसं वाटलं. आमच्या डोक्यात ‘ड्राइव्ह बाय’ चालू होता. शिवाय दुसरी एक गोष्ट चालू होती, ती म्हणजे तिकिटाचा हिशेब. एवढा खर्च करून आलोय तर आवडलंच पाहिजे! मध्यंतरात सांगलीच्या मित्राला मेसेज केला, ‘अप्रतिम.’ धडधडीत खोटं.

शेजारी साठीची एक बाई बसली होती. तिने कॉफीचा घोट घेत सहज म्हटलं, ‘गेल्या वर्षी याहून चांगले वाजवले होते. बघू या आता.’ आणि ती खुशीत होती! आम्ही चाटच पडलो. कारण हे वाक्य आमच्या ओळखीचं होतं. मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसात, दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाखाली, आम्ही ते शेकड्याने ऐकलंय. १९३७ साली खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या स्टेशनावर गेले आणि त्यांना आणून पुरलं ते याच दर्ग्यात. तिथे त्यांच्या नावाने रात्रभर गाणं चालतं. सांगलीहून सायकल मारत आलेला माणूस पहाटे उठतो, ‘यंदा काही रंगलं नाही बुवा’ म्हणतो, चहा पितो आणि पुढच्या वर्षी परत येतो. त्याला खोटं बोलायची गरज नसते. त्याचं काही अडकलेलं नसतं.

म्हणून आम्हाला वाटतं की जे कलावंत रोज नवी जोखीम घेतात त्यांना लांबून आलेला भक्त फारसा उपयोगाचा नाही. तो एकदाच येतो, त्याला फसलेला प्रयोग परवडत नाही, म्हणून तो प्रत्येक प्रयोग यशस्वी ठरवून मोकळा होतो. आमच्यातही हा भक्त मुरलेला आहे. १९७८ साली मुंबईच्या जॅझ यात्रेला, सनी रोलिन्स येणार म्हणून, आम्ही रात्रीच्या एसटीने गेलो होतो. त्या रात्री काय वाजलं यातलं फारसं आठवत नाही, पण परत येऊन आम्ही ते किती जणांना रंगवून सांगितलं ते मात्र नीट आठवतं. आणि गंमत बघा, रोलिन्स स्वतः त्याच्या दहा वर्षं आधी पवईच्या आश्रमात काही महिने राहून गेले होते, वेदांत शिकायला. लांबून आलेले तेही.

दुसरा तुकडा टोनी बकने सुरू केला, झांजांवर. त्याचे हात हलताना दिसत होते, आम्हाला ऐकू काहीच येत नव्हतं. बाईकडे पाहिलं तर तिने डोळे मिटले होते. म्हणजे ऐकू येण्यासारखं होतं. मग बास आला, तो खुर्चीतून पाठीला लागला. त्यावर पियानो. पुढची पन्नास मिनिटं आम्ही वरचा तिसरा हिस्सा गाळून ऐकलं, आणि जे ऐकलं त्यात रेकॉर्ड आठवली नाही की तिकीट आठवलं नाही. ते चांगलं होतं का? बाईला विचारलं. ती म्हणाली, ‘हो, आज जमलं.’ तिच्या शब्दावर आम्ही विश्वास ठेवला.

बाहेर आल्यावर लेकीने विचारलं, पुढच्या जानेवारीत येणार का? आम्ही म्हटलं, बघू. साताऱ्याला परतल्यावर मित्राला फोन केला आणि आधी तो मेसेज दुरुस्त केला.