अनुशेषाची मोजणी आणि कापसाचा भाव

महाराष्ट्रातील प्रादेशिक विकासाच्या चर्चेत ‘अनुशेष’ हा शब्द आता इतका रुळला आहे की, त्याच्यामागे एक विशिष्ट मोजमाप आहे आणि त्या मोजमापाच्या मुळाशी एक विशिष्ट गृहीत आहे, याचे सहसा स्मरण राहत नाही. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भास न्याय्य वाट्याचे आश्वासन दिले. परंतु न्याय्य वाटा कशास म्हणावे, हे त्याने अंकांत सांगितले नव्हते. पुढील तीस वर्षे तक्रार आणि तिचे खंडन असाच या प्रश्नाचा प्रवास झाला. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ साली तिचा अहवाल आला, तेव्हा प्रथमच हा वाद भावनेच्या क्षेत्रातून गणिताच्या क्षेत्रात आला. अहवालाचे हे ऋण मान्य केल्यावाचून त्याची चिकित्सा करणे अनुचित होईल.

समितीची पद्धती साधी व स्पष्ट होती. रस्ते, पाटबंधारे, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास व पशुवैद्यक अशी नऊ क्षेत्रे तिने निवडली. जिल्हा हा घटक धरला, राज्याची सरासरी ही पातळी मानली आणि त्या पातळीखाली राहिलेल्या जिल्ह्यांची उणीव भरून काढण्यास किती खर्च येईल, याचा हिशेब मांडला. तो सुमारे ३१८६ कोटी रुपये भरला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा सुमारे २४ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा सुमारे ३७ टक्के होता. जिल्हा हा घटक धरल्यामुळेच उर्वरित महाराष्ट्राच्या पदरात एवढा अनुशेष पडला, हा आक्षेप विदर्भातून वारंवार घेतला गेला. तथापि, हा वाद वाटपाचा आहे. मूळ गृहीताला तो स्पर्श करीत नाही.

ते गृहीत असे की, प्रदेशाचे मागासलेपण म्हणजे शासनाने पुरवावयाच्या सोयींची उणीव. समितीवर सोपविलेले काम सत्यशोधनाचे होते, तेव्हा तिने शासकीय खर्चाच्या कक्षेत राहणे स्वाभाविकच होते. दोष आहे तो या मोजमापालाच पुढे धोरणाचे स्थान देणाऱ्यांचा. रिकामे भांडे भरावे त्याप्रमाणे प्रदेश ‘भरून काढता’ येतो, अशी समजूत त्यातून दृढ झाली.

वऱ्हाडचा इतिहास या समजुतीस अनुकूल नाही. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाचा तुटवडा पडला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे जगाच्या व्यापाराचे लक्ष वळले. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला. १८७० च्या सुमारास खामगाव व अमरावती या बाजारपेठा शाखामार्गांनी त्यास जोडल्या गेल्या. दळणवळणाच्या बाबतीत त्या काळी वऱ्हाड मागासलेले नव्हते. परंतु ते मार्ग कापूस बाहेर नेण्यासाठी बांधलेले होते. युद्ध संपले, भाव उतरले, आणि उतरत्या भावाचा भार शेतकऱ्यावर व त्याच्या कर्जावर पडला. सोय होती, मात्र भावावर सत्ता नव्हती.

पश्चिम महाराष्ट्राशी तुलना करताना सिंचनाचा उल्लेख नेहमी होतो आणि तो योग्यच आहे. पण पिकाच्या स्वभावाचाही विचार झाला पाहिजे. ऊस तोडल्यावर लवकर गाळावा लागतो. म्हणून कारखाना शेताजवळच उभा राहतो. १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, त्यास पिकाचा हा स्वभाव अनुकूल होता. कापसाचे तसे नाही. सरकी काढून गाठी बांधल्या की तो समुद्रापारही जाऊ शकतो. म्हणून सूत, कापड व वस्त्र या पुढच्या प्रत्येक टप्प्यावरील मूल्यवृद्धी प्रदेशाबाहेर होणे सोपे ठरते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली खरी, परंतु वऱ्हाडची अर्थव्यवस्था प्रामुख्याने कच्च्या मालाचीच राहिली.

भावाच्या प्रश्नास थेट हात घालणारा राज्याचा एकच मोठा प्रयत्न झाला. तो म्हणजे १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना. चांगल्या वर्षाच्या लाभातून वाईट वर्षाचा तोटा सोसावा, हे तिचे तत्त्व निर्दोष होते. परंतु शेजारच्या राज्यांत भाव चढा असला की कापूस सीमेपलीकडे जाई, आणि तेथे भाव पडला की बाहेरचा कापूस आत येई. त्यात निवडणुकीच्या हिशेबाने भाव ठरू लागले. तोटा साचत गेला आणि या शतकाच्या आरंभी एकाधिकार संपला. योजना फसली म्हणून प्रश्न मिटला, असे मात्र झाले नाही.

उलट १९९५ साली जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आल्यानंतर तो अधिक तीव्र झाला. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ साली तक्रार केली आणि ती जिंकली; अनुदानाने जागतिक भाव दडपले जातात, हे त्यातून अधिकृतपणे सिद्ध झाले. भारताने फेब्रुवारी २०२१ मध्ये कापसावर आयातशुल्क बसविले, एप्रिल २०२२ मध्ये ते काही महिन्यांपुरते माफ केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा माफ केले. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले होते. कापड निर्यातदारास दिलासा देण्याचा हेतू समजण्याजोगा आहे. पण त्याची किंमत वेचणीच्या तोंडावर उभ्या असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याने मोजावी, हे कोणत्या प्रादेशिक न्यायात बसते? हमीभावाने होणारी खरेदी हा आधार आहे. परंतु आधार म्हणजे धोरण नव्हे. ज्यांनी या प्रदेशाची बाजू मांडावी, त्या १९९४ साली स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत २०२० साली संपली होती. आणि त्यांची मुदत असतानाही व्यापारधोरण त्यांच्या कक्षेबाहेरच होते.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. सिंचनाचा अनुशेष दूर झाला तर एकरी उत्पादन वाढेल आणि शेतकरी पडत्या भावाचा धक्का सोसू शकेल. हे खरे आहे, आणि म्हणून सिंचनाचा आग्रह सोडता येणार नाही. परंतु सिंचन धक्का सोसण्याची शक्ती देते. धक्का कोठून व का येतो, हे ते सांगत नाही. १९८४ च्या मोजमापास म्हणूनच पूरक मोजमापांची जोड हवी. प्रदेशातील प्रमुख पिकाच्या अंतिम मूल्यापैकी किती हिस्सा प्रदेशात राहतो, भावातील चढउताराचा किती भार शेतकऱ्यावर पडतो आणि आयातनिर्यातीच्या प्रत्येक निर्णयाचा त्याच्या उत्पन्नावर काय परिणाम होतो, याची जिल्हावार नोंद वर्षानुवर्षे झाली पाहिजे. अमरावती येथे सप्टेंबर २०२४ मध्ये पायाभरणी झालेल्या वस्त्रोद्यानाचे यशही तेथील इमारतींवरून न ठरविता याच कसोटीवर ठरविले पाहिजे.

दांडेकर समितीने तक्रारीला अंक दिले. ते अंक शासनाच्या खर्चापाशी थांबले. त्यांना बाजारापर्यंत नेणे, हे त्या अहवालाचे खंडन नसून त्याच्याच शास्त्रीय वृत्तीचा पुढील टप्पा होय.