भिंग फिरतं, स्वप्न मोडतं

जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांचा १९०० सालचा ‘लेट मी ड्रीम अगेन’ हा मूकपट जेमतेम मिनिटभराचा आहे. नटूनथटून आलेली एक तरुणी आणि तिच्यावर लुब्ध झालेला एक प्रौढ गृहस्थ. खाणंपिणं, लाडीगोडी, लगट. तो तिला मिठीत घेतो आणि चित्र धूसर व्हायला लागतं. चेहऱ्यांच्या कडा विरतात, उजेड-अंधाराचे नुसते डाग उरतात. मग तेच डाग पुन्हा आकार घेऊ लागतात. गृहस्थ अंथरुणात आहे आणि मिठीत त्याची बायको.

विनोद तेव्हाही शिळाच असावा, आणि बायकोच्या वाट्याला येणारा हशा आज बोचतो. तरी हा पट मी पुन्हा पुन्हा पाहतो, तो मधल्या त्या धूसर क्षणांसाठी.

ब्रायटनला लागून असलेल्या होव्ह गावी स्मिथ चित्रपट करत. त्याआधी ते मॅजिक लँटर्नचे खेळ करत, म्हणजे एका चित्रातून दुसऱ्या चित्रात प्रेक्षकाला अलगद कसं न्यायचं, हे त्यांच्या हातात मुरलेलं होतं. इथे त्यांनी केलं ते इतकंच: पहिल्या शॉटच्या शेवटी फोकस बिघडवला, दुसरा शॉट बिघडलेल्या फोकसनेच सुरू केला आणि तो हळूहळू जागेवर आणला. दोन्ही टोकं सारखीच अस्पष्ट, म्हणून सांधा दिसत नाही. वरखर्च काहीच नाही.

पण या धूसरपणात नजर कोणाची आहे? त्या माणसाकडे आपण बाहेरून पाहतोय. धूसर होतं ते मात्र आपलं पाहणं. झोप त्याची आणि ती मोडते आपल्या डोळ्यांत. शिवाय धूसरपणा सर्वांत गडद होतो तेव्हा तरुणी आणि बायको यांत फरकच उरत नाही. मिठीत कोणीतरी आहे, एवढंच कळतं. विनोदाने बायकोवर केलेला अन्याय त्या एका क्षणापुरता पुसला जातो.

पुढच्याच वर्षी पाथे कंपनीसाठी फर्दिनां झेका यांनी हीच गोष्ट पुन्हा चित्रित केली, पण धूसरपणाच्या जागी डिझॉल्व्ह वापरला. कॅमेऱ्यातच डिझॉल्व्ह करायचा तर आधी भिंगाचं तोंड हळूहळू मिटायचं, फिल्म मोजून मागे न्यायची आणि तिच्यावरच दुसरं दृश्य उघडत आणायचं. मोजणी चुकली की दोन्ही शॉट वाया. कसब मोठं, पण माझं मत स्मिथ यांनाच. डिझॉल्व्हमध्ये येणारं चित्र जाणाऱ्यावर चढतं, त्यामुळे स्वप्न पुरतं मोडण्याआधीच अंथरूण दिसू लागतं. धूसरपणा गुपित राखतो.

होव्हचेच औषधविक्रेते जेम्स विल्यमसन यांनी १९०१ मध्ये ‘द बिग स्वॅलो’त सांधा काळोखात लपवला. चिडलेला माणूस कॅमेऱ्यावर चालून येतो, जबडा उघडतो, पडदा काळा होतो. त्या काळ्यात कॅमेरा आणि कॅमेरावाला कोसळतात. मग तो माणूस तृप्तपणे चघळत मागे सरतो. एवढ्या अचाट प्रसंगाला भांडवल काय, तर काळी पार्श्वभूमी.

विल्यमसन पुढे कॅमेरे बनवण्याकडे वळले. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी लंडनमध्ये घेतलेला कॅमेराही विल्यमसनचाच. मुंबईला परतल्यावर कुंडीतल्या रोपाची वाढ एकेक फ्रेम घेत त्यांनी टिपली. दोन फ्रेमींच्या मधला सगळा काळ गळून पडला आणि कोंब पडद्यावर भराभर वर आला. ती ‘अंकुराची वाढ’ पाहून चित्रपटासाठी भांडवल देणारा माणूस मिळाला.

स्मिथ यांची युक्ती मोबाइलवर करायची तर आधी ऑटोफोकस बंद करावा. तो धूसरपणाला दोष समजून लगेच दुरुस्त करतो. ट्रायपॉड नसेल तर पुस्तकांची चळत पुरते. पहिल्या शॉटच्या शेवटी फोकस भिंगाच्या अगदी जवळ आणावा आणि दुसरा शॉट तिथूनच उघडावा. मागे एखादा दिवा जळत असावा, फोकस सुटताना तो फुलत जातो. दुसऱ्या शॉटमध्येही दिवा फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात हवा, नाहीतर सांधा तिथेच उघडा पडतो.