बिंबाभ्रिकांतील मूलद्रव्यांचे प्रमाण : एका आकड्याची चिकित्सा

सूर्यासारख्या किंवा त्याहून काही पट जड ताऱ्याने आयुष्याच्या अखेरीस टाकलेले वायूचे कवच म्हणजे बिंबाभ्रिका. तीतील ऑक्सिजन बहुतांशी ताऱ्याच्या जन्मकाळचाच असतो. त्यामुळे आकाशगंगेच्या रासायनिक उत्क्रांतीचा पुरावा म्हणून या अभ्रिकांचे आकडे सर्रास वापरले जातात. प्रश्न आहे तो या आकड्यांच्या विश्वासार्हतेचा.

इ.स. १८६४ मध्ये विल्यम हगिन्झ यांना अशा एका अभ्रिकेच्या वर्णपटात ठळक हिरव्या रेषा दिसल्या. पुढे त्यांचे श्रेय ‘नेब्युलियम’ या काल्पनिक मूलद्रव्याला दिले गेले. त्या द्विआयनित ऑक्सिजनच्या निषिद्ध रेषा आहेत, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखविले. मूलद्रव्य ओळखले गेले. त्याचे प्रमाण ठरविणे मात्र अवघडच राहिले. निषिद्ध रेषांची तीव्रता वायूच्या तापमानानुसार घातांकी पद्धतीने बदलते. तापमानाच्या अंदाजात थोडी चूक झाली, तरी ऑक्सिजनचे उत्तर बरेच चुकते. याउलट पुनःसंयोग रेषा अतिशय क्षीण असतात. परंतु हायड्रोजनच्या रेषांशी त्यांचे गुणोत्तर तापमानावर फारसे अवलंबून नसते. त्यांच्यावरून येणारे प्रमाण सामान्यतः दोन ते तीन पट, तर एन.जी.सी. ६१५३ या अभ्रिकेत सुमारे दहा पट अधिक भरते.

मॅन्युएल पेइम्बर्ट यांनी १९६७ मध्ये मांडलेली तापमानातील चढउतारांची कल्पना ही विसंगती मिटविण्यासाठी पुढे केली जाते. ती आकर्षक आहे, पण एन.जी.सी. ६१५३ पुरती तरी अपुरी ठरते. दूर-अवरक्त रेषा तापमानाला जवळजवळ दाद देत नाहीत. दोष केवळ चढउतारांचा असता, तर त्यांनी पुनःसंयोग रेषांची बाजू घ्यायला हवी होती. प्रत्यक्षात त्यांनीही कमीच प्रमाण दाखविले. तेव्हा उष्ण वायूत थंड, जड मूलद्रव्यांनी समृद्ध असे पुंजके दडलेले असावेत, हा पर्याय अधिक सबळ वाटतो. केंद्रस्थानी निकट युग्मतारा असलेल्या ॲबेल ४६ मध्ये ही तफावत शंभरपटीहून अधिक असल्याचे २०१५ मध्ये दिसून आले. असे पुंजके नेमके कसे निर्माण होतात, याचा उलगडा मात्र अद्याप झालेला नाही.

सारण्यांमध्ये ‘ऑक्सिजनचे प्रमाण’ म्हणून एकच आकडा छापण्याची प्रथा येथे आक्षेपार्ह ठरते. दोन पद्धतींची सरासरी घेणे तर त्याहून वाईट. कारण त्या बहुधा दोन वेगळ्या वायूंविषयी बोलत आहेत. शिवाय थंड पुंजक्यांतील हायड्रोजनचा प्रकाशही भाजकात मिसळत असल्याने, ज्या निषिद्ध रेषांचे आकडे निर्धोक मानले जातात, तेही वास्तवापेक्षा काहीसे कमीच येत असणार.