सृष्टिकथांतील सर्प आणि नागपंचमीची कहाणी : एक चिकित्सा

सृष्ट्युत्पत्तीच्या अनेक मिथकांत सर्प आदिम अव्यवस्थेचे प्रतीक म्हणून येतो. बाबिलोनी ‘एनुमा एलिश’मध्ये मार्दुक सर्पांना जन्म देणाऱ्या समुद्ररूप तिआमतचा वध करून तिच्या देहातून आकाश व पृथ्वी घडवितो. ऋग्वेदात इंद्र वृत्र या अहीला मारून कोंडलेले पाणी मोकळे करतो. त्यामुळे ‘सर्पवधातून सृष्टी’ हे सूत्र सार्वत्रिक वाटू लागते.

नागपंचमीची मराठी कहाणी मात्र या सूत्रात बसत नाही. शेतकऱ्याच्या नांगराने वारुळातील नागिणीची पिले मरतात. येथे सर्पवध हा पराक्रम नसून अपराध ठरतो. क्रुद्ध नागीण त्याच्या कुटुंबाचा नाश करते आणि लेकीच्या पूजेने संतुष्ट होऊन तीच अमृत देते.

हा फरक का पडला, याचे सूचन रा. चिं. ढेरे यांच्या ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात मिळते. ढेरे यांच्या मते वारूळ हे भूमीच्या सर्जनशक्तीचे प्रतीक होय. गोमंतकातील सांतेरी वारुळाच्या रूपातच पूजिली जाते. हे मान्य केल्यास नांगराचा आघात केवळ पिलांवर नव्हे, तर भूमीच्या गर्भावरच होतो.

तथापि ढेरे यांच्या विवेचनाचा भर मातृदेवतेच्या स्वरूपावर आहे. कहाणीचा गाभा कृषकाच्या अपराधभावनेत आहे. मावळासारख्या भातशेतीच्या प्रदेशात नांगर टाकून देणे शक्य नाही. म्हणूनच श्रावण शुद्ध पंचमीस न नांगरण्याचा, न खणण्याचा, न चिरण्याचा संकेत निर्माण झाला असावा. सर्पाला जिंकून नव्हे, तर त्याची क्षमा मागून सृष्टी टिकते, हे या कहाणीचे वेगळेपण होय.